कुक भागा

पोस्टिंगचा कागद आला तेव्हा मी कांदे चिरत होतो, म्हणून मी रडलो की नाही ते कोणालाच कळलं नाही. हवालदार साहेबांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि बोलले, "कुक, ऊपर जाना है." वर म्हणजे लेहच्याही पुढे. तिथे झाड नाही, माती नाही, आणि डाळ सकाळी चढवली तर दुपारी तिला वाटलं तर शिजते. मी विचारलं, "साहब, कितने दिन?" ते बोलले, "जब तक नीचे नहीं आते." मी सॅल्यूट मारला. हातात सुरी होती. कान थोडक्यात वाचला.

मी ब्राह्मणपुरीचा, शहादा तालुका. आठवीपर्यंत शाळेत गेलो असं दाखल्यावर लिहिलंय. दाखला खोटा नाही. मी गेलो होतो, शाळेने माझ्याकडे लक्ष दिलं नाही आणि मी शाळेकडे दिलं नाही. भरतीला धावण्यात मी शेवटून दुसरा आलो. शेवटचा होता त्याला चक्कर आली होती. तरी काठावर पास झालो आणि कुक म्हणून लागलो. गावात सांगितलं, फौजेत लागलो. काय म्हणून लागलो ते बरेच दिवस सांगितलं नाही. मग एका लग्नात आचारी आला नाही, मी भरीत केलं, तेव्हा गावाला आपोआप कळलं.

चौकीवर आम्ही आठ-दहा जण. राहायची झोपडी, तिला लागून लंगर, म्हणजे माझं स्वयंपाकघर, आणि लंगरच्या मागे हत्तीएवढा खडक. समोर उतार, उतारावर एक नाला, आणि नाल्यापलीकडे वर दोन माणसांची पुढची जागा. तिला आम्ही ओ.पी. म्हणायचो. तिकडे जायला दोर बांधलेला. दोर सोडून चालायचं नाही, हा एक नियम. दुसरा नियम, बर्फ हलला की हातातलं टाकायचं आणि खडकामागे जायचं. सुभेदार साहेबांनी सगळ्यांना एकदा सांगितलं आणि मला वेगळं बोलावून परत सांगितलं, "चूल्हे पे चढ़ा पतीला भी छोड़ देना है. समझे?" मी बोललो, समझा.

रेडिओ सेट लंगरमध्ये असायचा. थंडीत बॅटरी मरते, आणि चौकीवर गरम जागा एकच, माझा स्टोव्ह. म्हणून ऑपरेटर माझ्याकडे बसायचा. बंगालचा पोरगा होता. मी केलेली मासळी खाऊन त्याने एकदा ताट खाली ठेवलं आणि बोलला, "दादा, यह मछली नहीं है." डब्यातली मासळी होती. डब्यावर तसं लिहिलं होतं.

गुमान मला लंगरमध्येच भेटला. स्टोव्ह पेटत नव्हता आणि मी त्याला अहिराणीत शिव्या देत होतो. मागून कोणी विचारलं, "तू शहादाना शे का?" वळून बघतो तर लहान चणीचा, काळा, टोपी कपाळापर्यंत ओढलेला शिपाई. शिपाई गुमान पावरा. धडगावच्याही वरचा, सातपुड्यातला. घरची बोली त्याची वेगळी, ती मला येत नाही. पण त्यांचं घर दरवर्षी ऊसतोडीला आमच्याकडे उतरायचं, त्यामुळे अहिराणी त्याला माझ्यासारखीच यायची. आमच्या चौकीवर ती बोलणारे आम्ही दोघंच.

वय त्याचं माझ्यापेक्षा कमी. मला दादा म्हणायचा. डोंगरात माझ्यापेक्षा दहापट शहाणा. मी बर्फावर चालायला लागलो की तो मागून बोलायचा, "दादा, तू चाली ऱ्हायना का पडी ऱ्हायना, ते आधी ठरव." एकदा त्याने मक्याची भाकर मागितली. सूपमध्ये टाकायचं मक्याचं पीठ आलं होतं, पांढरं, गुळगुळीत. मी त्याचीच भाकर थापली. तव्यावर टाकली तर तिची लापशी झाली. गुमानने ती चमच्याने खाल्ली आणि बोलला, "चव बरोबर शे. फक्त भाकर नई शे." सगळे हसले. तो स्वतः कमी हसायचा, दुसऱ्यांना हसू द्यायचा.

तो ओ.पी.वर गेला की सकाळी सेटवर त्याचा आवाज यायचा.

"दादा, आज काय शे?"

"बठ्ठं शे, भो. फक्त खावासारखं काही नई."

हवालदार साहेब ओरडायचे, "सेट पे हिंदी बोलो. ये तुम्हारे गाँव का बाजार नहीं है." आम्ही दोन दिवस हिंदी बोलायचो. मग परत बाजार.

त्या आठवड्यात बर्फ सारखा पडत होता. मग एका सकाळी उघडलं. आकाश इतकं निळं की मला बरं वाटलं. मला बरं वाटलं यावरूनच समजायला पाहिजे होतं. हवालदार साहेब काही माणसं घेऊन खालच्या वाटेने राशन आणायला गेले होते. ओ.पी.वर गुमान आणि त्याचा जोडीदार शिपाई बलबीर. लंगरमध्ये मी पुऱ्या लाटत होतो. ऑपरेटर दाराशी दात घासत होता. झोपडीत तिघं.

सेट वाजला. मीच उचलला, हाताला पीठ होतं. मला वाटलं, काय शे विचारतोय.

"दादा."

"बोल."

"दादा, पय. पय."

बस. मग नुसता खर्र आवाज, आणि तोही बंद.

पय म्हणजे पळ. आमच्याकडे बैल उधळला, घोणस दिसली, मास्तर आला, कोणत्याही वेळी हा एक शब्द. ऑपरेटर तोंडात ब्रश धरून विचारायला लागला, "क्या बोला? क्या बोला?" मी ओरडलो, "भागो बोला. सब भागो." झोपडीतले तिघं ऐकून बाहेर पडले, ऑपरेटर त्यांच्यामागे. चौघं खडकामागे गेले. मीही बाहेर पडलो.

मी दोराकडे गेलो.

वरून धुरासारखं पांढरं येताना दिसत होतं. ओ.पी.ची जागा दिसत नव्हती. मी दोर धरला आणि उताराने चढायला लागलो, पायात लंगरमधले कापडी बूट. भरतीला शेवटून दुसरा आलेला माणूस मी, पण तेवढा जोरात मी आधी कधी धावलो नव्हतो आणि नंतर तर प्रश्नच नाही. पहिला लोट नाल्याच्या पलीकडे गेला. दुसरा आला तो माझ्यावर. त्याने मला दोरासकट उचललं आणि खाली नाल्यात नेऊन टाकलं. लंगरची पुढची भिंतही गेली. खडकामागचे चौघं उभेच्या उभे वाचले.

मला काढलं तेव्हा दुपार झाली होती. डावा पाय दगडात दाबला गेला होता आणि काळा पडला होता. हेलिकॉप्टरमध्ये डॉक्टर विचारत होते, "दर्द है?" मी म्हटलं, "साहब, पूरी जल गई होगी." हे मला आठवत नाही. नंतर ऑपरेटरने सांगितलं.

पाय हॉस्पिटलात गुडघ्याखालून काढला. गुमान आणि बलबीर बरेच दिवस सापडले नाहीत. मग सापडले.

आता कागदाची गोष्ट.

चौकशी बसली. कोर्ट ऑफ इन्क्वायरी म्हणतात. ऑपरेटरचा जबाब आधी झाला. त्याने खरं तेच सांगितलं. सेटवर काय आलं ते मला कळलं नाही, कुक बोलला भागो, आम्ही भागलो, कुकही भागा. कुठल्या बाजूला ते त्याने बघितलं नाही. तो जीव घेऊन पळत होता, त्याच्या मागे डोळे नव्हते. मग एक कॅप्टन साहेब माझ्या पलंगाशी आले. चांगले माणूस होते, तरुण. सोबत लिहिणारा बाबू.

"क्या हुआ था?"

"साहब, गुमान ने बोला भाग. मैं भागा."

"फिर?"

"फिर क्या साहब. जिंदगी में पहली बार भागा, तो टांग ही नौकरी छोड़के चली गई."

बाबू हसला. कॅप्टन साहेबही थोडे हसले. मला बरं वाटलं. पाय कापलेल्या माणसाकडे बघून लोक तोंड पाडतात, ते मला सहन होत नाही. मी त्यांना अजून दोन गोष्टी सांगितल्या, मासळीची आणि भाकरीची. बाबूने लिहिलं, मी सही केली. दोन जबाब जुळले. कुक भागा. बाकीचे चौघं ऑर्डरप्रमाणे खडकामागे होते, मी सापडलो नाल्यात, बर्फाने वाहून आणलेला, त्यावरून कुठे पळालो ते कोणाला समजायचा प्रश्न नव्हता.

फौजेने मला घरी पाठवलं. अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज केला होता, त्याचं उत्तर मागून पोस्टाने आलं. इंग्रजीत. कळसाडीचे सुभेदार नाना रिटायर होऊन शेती करतात आणि आजूबाजूच्या सगळ्या माजी सैनिकांचे कागद बघतात. त्यांच्या ओट्यावर बसलो. नानांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

"नामंजूर."

"का?"

"दुखापत नोकरीमुळे झालेली नाही. ॲट्रिब्युटेबल नाही." मग माझ्याकडे बघून हळू बोलले, "भिका, यात लिहिलंय तू पोस्ट सोडून पळालास."

ॲट्रिब्युटेबल हा शब्द मला अजून नीट बोलता येत नाही. पण दुसरा शब्द गावात पोचायला वेळ लागला नाही. पोस्टमन आमचाच. पारावर कोणी बोललं, भिका पळाला म्हणून पडला. तोंडावर कोणी बोललं नाही, पण लग्नाच्या स्वयंपाकाला बोलावताना विचारायला लागले, "मधून निघून तर जाणार नाहीस?" हसत विचारायचे. मीही हसायचो. मीच त्यांना शिकवलं होतं माझ्यावर हसायला.

बायकोने एकदाच विषय काढला. भांडी घासता घासता बोलली, "तुले बस पकडता येत नई. तू काय पयशी." तेवढंच. नंतर ती कधी बोलली नाही, पण नकली पाय बसवताना पट्टा ती जरा जास्तच घट्ट ओढते.

अपंग असल्याचं सरकारी सर्टिफिकेट काढायला नंदुरबारला गेलो, ते वेगळंच. लाईनीत माझ्या पुढे एक आंधळा म्हातारा, त्याला विचारत होते फॉर्म कोणी भरला. माझा अंगठा मशीनवर उमटेना. सगळं आयुष्य तव्यावर गेलं, बोटांवर रेघा कुठून राहणार. मशीन म्हणायचं हा माणूस हा माणूस नाही. शेवटी डोळ्यावरून घेतलं. सर्टिफिकेट मिळालं, त्यावर लिहिलं की काही वर्षांनी परत तपासायला यावं. मी डॉक्टरांना म्हटलं, "उगवला तर मी स्वतःच कळवतो." ते हसले नाहीत. त्यांच्याकडे खूप लाईन होती.

नानांनी मात्र सोडलं नाही. अर्जावर अर्ज केले. उत्तर यायचं, अमुक जोडा. जोडलं की यायचं, तमुक जोडा. मधे एकदा माझी फाईल दुसऱ्याच कोणा भिकाची निघाली, तो जिवंतही नव्हता. शेवटी नानांनी केस परत उघडायला लावली. पुण्याला बोर्डासमोर यायचं पत्र आलं. साहेब लोक समोर बसवून विचारणार होते.

नानांनी मला ओट्यावर बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं. दोराचंही सांगितलं. 

"हे तू चौकशीत का नाही सांगितलं?"

"कोणी विचारलं नाही."

"कोनी इचारं नई," त्यांनी माझी नक्कल केली. "भिका, तुन्हा तोंडनी तुन्हा पाय खादा." मग जवळ सरकले. "ऐक. तू दोराकडे गेलास हे एकट्याच्या तोंडावर टिकणार नाही. ते विचारतील, का गेलास? ऑर्डर तर खडकामागे जायची होती. पण त्याने तुला मदतीला बोलावलं असलं, तर ती ड्युटी झाली. साथीदाराने हाक मारली, तू गेलास. मग पेन्शन कोणी अडवत नाही."

"पण तो 'पय' बोलला."

"हां. पय म्हणजे पयत ये. धावत ये."

"पय म्हणजे पळ, नाना."

"अरे, बोर्डमा अहिराणी कोनले येस? तू सांगशी तोच अर्थ." आणि पुढे बोलले, "धडगावला जा. त्याच्या आईचा जबाब आण. आमच्या घरात पय म्हणजे धावत ये, एवढंच लिहून तिचा अंगठा घे. तिचंही यात काही जात नाही."

मी रात्रभर विचार केला असं लिहायला बरं वाटतं, पण मी झोपलो. सकाळी उठलो तेव्हा मला नानांचं पटलं होतं. खरंच बोलावलं असेल, असं वाटायला लागलं. मी तिकडे गेलो त्याला काही कारण पाहिजे ना.

धडगावला गेलो. घाटात जीपमध्ये माणसांवर माणसं, माझा नकली पाय कोणाच्या तरी कोंबडीच्या टोपलीवर. त्या बाईने विचारलं, "हाऊ लाकडाना शे का?" मी म्हटलं, "काय ठाऊक, सरकारनी दिन्हा." धडगावहून पुढे दुसरी जीप, तिथून पायवाट. गुमानच्या गावाबाहेर वाटेवर दगड उभा केलाय. त्यावर बंदूकवाला माणूस कोरलाय, टोपी कपाळापर्यंत. कोरणाऱ्याने त्याला पाहिलेलं असणार. खाली मोहाच्या दारूची धार घातल्याचा डाग होता. मी नमस्कार केला आणि पुढे गेलो.

त्याची आई अंगणात मका सोलत होती. मी सांगितलं, मी गुमानबरोबर होतो, कुक. तिने खाट पुढे केली. पाय बघितला, काही विचारलं नाही. ऊसतोडीला आमच्याकडे किती हंगाम काढलेले, त्यामुळे बोलायला अडचण नव्हती.

"साहेब लोके उनथात," ती बोलली. "बोलनात, तुन्हा पोऱ्यानी चार जनले वाचाडं. पया म्हने, आनि त्या पयनात." मग माझ्याकडे बघितलं. "त्यामा तू एक शे का?"

"नई, माय. मी पाचवा."

ती समजली की नाही, माहीत नाही. मक्याचा दाणा निघत नव्हता तिथे अंगठा दाबत राहिली. नानांनी लिहून दिलेला जबाब माझ्या खिशात होता, शाईचा डबाही. मी सरळ विचारू शकलो नाही, म्हणून फिरवून विचारलं. म्हटलं, माय, तुन्हा पोऱ्या कधी कोनले बलावे का? अडचणमा? हाक मारे का?

तिने मान हलवली.

"तो कोनले बलावे नई. लहान व्हता तवय मोहाना झाडवरथून पडना. हात मोडना. मी खालेच फुले येची ऱ्हायनथू. आवाज नई दिन्हा त्यानी. मोडेल हात लईसन घर वना, आनि म्हने, माय, भाकर दे."

मी खिशातून हात काढला.

तिने विचारलं, "तू काब्र इचारी ऱ्हायना?"

"असंच."

जेवायला मक्याची भाकर होती. खरी. मी दोन खाल्ल्या. निघताना तिने विचारलं, परत कधी येशील. मी म्हटलं, पाय येईल तेव्हा. ती हसली नाही. मीही मस्करी केली नव्हती, पण माझ्या तोंडातून सगळं तसंच निघतं.

नानांना मी सांगितलं, म्हातारी घरी नव्हती.

पुण्याला नाना सोबत आले. दारापाशी मला थांबवून टोपी सरळ केली आणि बोलले, "आते मस्करी नको करजो. तुन्हा हात जोडस."

आत तिघं साहेब. मधे कर्नल साहेब, एका बाजूला डॉक्टर. कोपऱ्यात एक क्लार्क, टाईप करायला. मला बसायला सांगितलं. कर्नल साहेबांनी फाईल उघडली.

"यहाँ लिखा है, कुक भागा. आपका साइन है. ठीक है?"

"जी साहब."

"आप भागे?"

"जी साहब."

त्यांनी वर बघितलं. बहुतेक लोक नाही म्हणत असतील. मग त्यांनी ते विचारलं, जे इतक्या वर्षांत, हॉस्पिटलात, ऑफिसात, पारावर, कोणीच विचारलं नव्हतं.

"किधर?"

मला वाटलं होतं मी लगेच सांगेन.  डॉक्टर साहेबांनी पाण्याचा ग्लास सरकवला. मी प्यायलो.

"ओ.पी. की तरफ, साहब. रस्सी पकड़के."

क्लार्कची बोटं थांबली. कर्नल साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग बोटं चालायला लागली.

"सेट पर क्या सुना था?"

"पय."

"मतलब?"

दाराला काच होती. काचेपलीकडे नाना दिसत होते, भिंतीला टेकून, डोळे मिटलेले. मी सांगेन तोच अर्थ होणार होता. त्या खोलीत अहिराणी येणारा मी एकटाच होतो.

"मतलब भाग, साहब."

"उसके पास आने के लिए?"

"नहीं साहब. वो बुलाता नहीं था किसी को. भाग जाने के लिए बोला."

"यानी उसने आपको जाने को कहा."

"जी."

"और ऑर्डर?"

"पत्थर के पीछे. मुझे अलग से समझाया था."

"फिर आप उधर क्यों गए?"

मी विचार केला. खरंच केला. काही चांगलं सापडलं नाही.

"साहब, वो उधर था."

 डॉक्टर साहेबांनी माझा पाय तपासायचा होता, ते विसरले, मग आठवलं आणि तपासला. पट्टा जरा घट्ट आहे, बोलले. मी म्हटलं, घरवाली बाँधती है. कर्नल साहेब उठून उभे राहिले. एका कुकसाठी कर्नल उठत नाहीत. मला कळेना काय करावं, म्हणून मी सॅल्यूट मारला. या वेळी हातात सुरी नव्हती.

निकाल पोस्टाने आला. नानांनी वाचला. भागा हा शब्द काढून टाकलाय. त्या जागी लिहिलंय की सदर व्यक्ती साथीदाराच्या दिशेने गेली. पुढे लिहिलंय की तशी ऑर्डर नव्हती, उलट स्पष्ट सूचना होती, ती न पाळता स्वतःच्या मनाने गेली. म्हणून नामंजूर.

नाना चिडले. कागद खाटेवर आपटला. "एक शब्द. एक शब्द फिरवायचा होता तुला."

मी म्हटलं, "नाना, माझ्याबद्दल सरकारने लिहिलेला हा पहिला कागद, ज्यात काही चूक नाही."

 मग त्यांनी कागद परत उचलला, घडी नीट केली आणि बोलले की हे वर टिकणार नाही, साथीदाराला वाचवायला जाणं ही ड्युटीच, आपण ट्रिब्युनलला जाऊ. गेलोय. तारखा पडतात. मी लग्नांचे स्वयंपाक करतो, बसून भाज्या चिरतो, उभं राहायचं काम पोरगा करतो. तो कागद मी पारावर कोणाला दाखवला नाही. बायकोला दाखवला. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवला, म्हणजे नानांनी सांगितलेलं पाठ म्हणून दाखवलं. "साथीदाराच्या दिशेने" इथे तिने मला थांबवलं आणि ते परत म्हणायला लावलं.

लोक मला फौजेच्या गोष्टी विचारतात. मी मासळीची सांगतो, भाकरीची सांगतो. ही सांगत नाही, कारण हिच्यात कुठे हसायचं ते मलाच सापडत नाही.

एवढंच सांगायचं राहिलं. बलबीर कुठल्या गावाचा, ते मला माहीत नाही, नुसतं हिमाचलचा एवढं माहीत आहे. त्याला चहा बिनसाखरेचा लागायचा. त्याच्या वाटची साखर गुमान घ्यायचा आणि खात नव्हता. बर्फातून दोघांना काढलं तेव्हा ते एकमेकांना धरून होते, हवालदार साहेबांनी हॉस्पिटलात येऊन सांगितलं. गुमानच्या आतल्या खिशात कागदाची पुडी होती, साखरेची. बर्फाखाली इतके दिवस राहून ती भिजली नव्हती. सुट्टीवर घरी न्यायची होती का चौकीतच कोणासाठी ठेवली होती, आता कोण सांगणार. सामानाबरोबर ती त्याच्या घरी गेली नाही. हवालदार साहेबांनी ती लंगरला जमा केली, आणि नवीन कुकने तिचा चहा केला, सगळ्यांना थोडा थोडा.

शिपाई गुमान पावरा. शिपाई बलबीर. मी त्यांचा कुक होतो.